सावली छपराच्या वर हवी

जूनमधली पहिली मोठी सर पडून गेली, की बदलापूर–वांगणी पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना बोलावणी सुरू होतात. तक्रार एकच: गच्चीवरची शेड गळतेय. कारागीर शिडी लावतो, शीटवर चढतो, स्क्रूभोवती सिलिकॉनची नळी रिकामी करतो आणि उतरतो. पावसाळा कसाबसा निघतो. पुढच्या जूनमध्ये त्याच स्क्रूशेजारी पुन्हा थेंब दिसतात. घरमालक पावसाला दोष देतो, कारागीर शीटला, शीट विकणारा कारागिराला. यातल्या कुणाचेही लक्ष एप्रिल–मेकडे जात नाही. गळती जूनमध्ये दिसते, पण ती तयार होते त्याआधीच्या दोन कोरड्या, कडक महिन्यांत, जेव्हा आभाळात ढगही नसतो.

अशा बऱ्याच घरांत गळतीचे एक कारण ऊन टाळण्यासाठी केलेल्या उपायातच दडलेले असते. पारदर्शक छपराखाली बसवत नाही, म्हणून घरमालक त्या छपराच्या आतल्या बाजूला पडदा लावतो. कुणी रोलर ब्लाइंड आडवे ताणून घेतो, कुणी मंडपवाल्याकडचे कापड, कुणी बांबूची चटई, कुणी पीव्हीसी पॅनलचे सीलिंग. खोलीतला झगझगाट लगेच कमी होतो, डोळ्यांना बरे वाटते, आणि काम झाले असा समज होतो. प्रत्यक्षात ऊन आत येऊन चुकलेले असते. पडद्याने त्याला बाहेर घालवलेले नसते, फक्त छपराच्या आणि आपल्या मध्ये अडकवून ठेवलेले असते. तिथे साठलेली उष्णता सर्वात आधी छपरालाच खाते.

वांगणीचे ऊन

वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचे बदलापूर आणि नेरळ यांच्यामधले स्टेशन. अंबरनाथ तालुका, ठाणे जिल्हा. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला चंदेरी आणि माथेरानच्या डोंगररांगा. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोक आधी डोंबिवलीला गेले, मग अंबरनाथ–बदलापूरला आणि आता वांगणीला. त्यांच्या जोडीला दुसऱ्या प्रकारची घरेही आली: शनिवार–रविवारचे बंगले, फार्महाऊस, प्लॉटिंगमधली टुमदार घरे. यांच्या गच्च्यांवर, बाल्कन्यांवर आणि मागच्या अंगणात पॉलीकार्बोनेटच्या शेडी दिसतात. निळसर, हिरवट, तपकिरी, दुधी, काचेसारख्या स्वच्छ अशा सगळ्या छटा. काही घरांत खरी काचही असते. पावसात झाडांकडे पाहत बसायला जागा हवी, कपडे वाळायला हवेत, घरात उजेड यायला हवा. या इच्छा साध्या आहेत आणि रास्तही आहेत.

पण या गावावरचे ऊन कसे पडते, हे छप्पर निवडताना सहसा विचारात घेतले जात नाही. मुंबईतले खगोल मंडळ अनेक वर्षे रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकांना वांगणीत आणत आले आहे, त्यामुळे हे गाव आकाश पाहणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. त्याच आकाशाचा दिवसाचा हिशेब छपरासाठी महत्त्वाचा ठरतो. वांगणीचा अक्षांश सुमारे १९.१ उत्तर. म्हणजे सूर्य इथे वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. ते शून्य सावलीचे दिवस. दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते. जुलैत ढग असतात, त्यामुळे तो दिवस बहुधा वाया जातो. मेमध्ये मात्र आकाश मोकळे असते आणि स्वच्छ दुपारी दर चौरस मीटर आडव्या जागेवर सुमारे एक हजार वॅट इतकी सौर ऊर्जा आदळते. दहा फूट बाय दहा फुटांची शेड म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. त्या छोट्याशा छपरावर भर दुपारी जवळजवळ सव्वानऊ किलोवॅट उष्णता ओतली जात असते. दीड टनाचा एसी खोलीतून पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. यावरून प्रमाण लक्षात यावे.

डिसेंबरच्या अखेरीलाही वांगणीत दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. इथे उन्हाचा मुख्य मारा भिंतीवर नसतो, छपरावर असतो, आणि तो जवळजवळ वर्षभर असतो. म्हणून छप्पर पारदर्शक करणे हा इथल्या घरातला सर्वात मोठा उष्णतेचा निर्णय आहे. तो मात्र बऱ्याचदा दुकानातल्या रंगीत नमुन्यांच्या तुकड्यांवरून घेतला जातो.

काचघर ज्या देशातून आले

काचेच्या छपराची खोली ही थंड देशांची गरज होती. लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि ऐन उन्हाळ्यातही ६२ अंशांच्या पुढे जात नाही. तिथे संत्री, ताड आणि उष्ण प्रदेशातली फुले जगवायची, तर मिळेल तो प्रकाश आत घ्यावा लागे. जोसेफ पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या इस्टेटीवर १८३६ नंतरच्या काही वर्षांत उभारलेले प्रचंड काचघर याच गरजेतून आले. त्याच पॅक्स्टनने लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस बांधला आणि १ मे १८५१ रोजी तिथे जगातले पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडले. त्या इमारतीला सुमारे नऊ लाख चौरस फूट काच लागली होती.

एवढी काच म्हटल्यावर उन्हाळ्यात आतल्या हजारो माणसांचे काय होणार, हा प्रश्न पॅक्स्टनपुढे होता. त्याने छपराच्या कण्यांवरून कापड ताणले, आणि ते काचेच्या बाहेरून, वरच्या बाजूने ताणले. ते कापड पाण्याने भिजवले की बाष्पीभवनाने आणखी गारवा मिळत असे. भिंतींमध्ये उघडझाप करणाऱ्या झडपा होत्या. प्रकाश सौम्य झाला, काच सावलीत राहिली, तापलेली हवा बाहेर जायला वाट मिळाली. इंग्लंडच्या मवाळ उन्हातही काचघराच्या त्या कर्त्याने कापड कुठे हवे हे अचूक ओळखले होते. पुढे घराला जोडलेल्या छोट्या काचखोल्या इंग्लंडमध्ये सर्रास झाल्या, त्यांच्या आतल्या बाजूला सुंदर ब्लाइंड बसवण्याचा धंदा वाढला आणि बाहेरचे कापड मागे पडले. छपराचे पट्टे वाकणे, काच तडकणे, दुहेरी काचेच्या कडेचा सांधा निकामी होणे या तक्रारी तिथेही येतात. आपण ती खोली उचलली आणि तिच्यासोबत आतला पडदाही उचलला. मात्र ती आणून बसवली सूर्य डोक्यावर येणाऱ्या गावात.

पडद्याच्या वरच्या बाजूला काय होते

सूर्यप्रकाशाचा मोठा भाग काचेतून किंवा पारदर्शक शीटमधून सहज आत येतो. आत तो ज्या वस्तूवर पडतो ती वस्तू तापते आणि उष्णता परत फेकू लागते. ही परत फेकलेली उष्णता लांब तरंगलांबीची असते. काच आणि पॉलीकार्बोनेट दोन्ही तिला आरपार जाऊ देत नाहीत. येण्याची वाट मोकळी, जाण्याची बंद.

पडदा नसताना ऊन फरशीपर्यंत उतरते. उष्णता फरशीत, भिंतीत, खोलीभरच्या हवेत पसरते. खोली असह्य होते, पण छपराच्या लगतचे तापमान काही प्रमाणात मर्यादित राहते, कारण खाली हवेचा मोठा साठा असतो आणि दार–खिडकी उघडली की तो हलतो. छपरापासून तीन–चार इंचांवर पडदा ताणला की चित्र बदलते. आता ऊन पडद्यावर पडते. पडदा गडद असेल तर त्यातला बहुतेक भाग शोषून घेतो आणि ती उष्णता वरच्या अरुंद पोकळीत सोडतो. पडदा पांढरा किंवा चंदेरी असेल तर तो बराच प्रकाश परत वर फेकतो, हे चांगलेच. पण त्या परतीच्या प्रवासात प्रकाश छपरातून दुसऱ्यांदा जातो आणि छप्पर पुन्हा थोडा वाटा शोषते. छपराची शीट तपकिरी किंवा निळी असेल तर तिचा वाटा आणखी मोठा, कारण रंगीत शीट मुळातच जास्त ऊन स्वतःत मुरवते. पोकळीच्या दोन्ही बाजू बंद असतील, म्हणजे ब्लाइंड रुळात घट्ट बसवलेले असेल किंवा कापड चारी बाजूंनी पट्टी मारून ताणलेले असेल, तर तापलेल्या हवेला कुठेही जायला जागा उरत नाही. गरम हवा वर चढते आणि वर छप्परच असते.

म्हणून ब्लाइंडखाली उभे राहिलेल्या माणसाला थोडे बरे वाटत असते, त्याच वेळी त्याच्या डोक्यावरचे छप्पर आधीपेक्षा जास्त तापलेले असते. खोलीतला फायदाही फार मोठा नसतो. बाहेरून घातलेली सावली उन्हाचा बहुतांश भाग बाहेरच थोपवते. आतला चांगला, फिक्या रंगाचा पडदा ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास आणि गडद पडदा त्याहूनही कमी थोपवतो. उरलेली उष्णता आतच राहते. मग पंखा वाढवायचा, एसी लावायचा, वीजबिल भरायचे, आणि तरीही संध्याकाळी सातपर्यंत छपराकडून धग खाली येत राहते.

प्रत्येक साहित्याची सहनशक्ती

पॉलीकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक. ते कडक होण्याच्या आणि मऊ पडण्याच्या सीमेवर सुमारे १४७ अंश सेल्सिअसला पोहोचते, म्हणजे उन्हात ते वितळण्याचा प्रश्न नाही. प्रश्न प्रसरणाचा आहे. तापमान एक अंश वाढले की एक मीटर लांबीची शीट सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढते. पहाटे २५ अंशांवर असलेली तीन मीटरची शीट दुपारी ६५ अंशांवर गेली तर ती जवळजवळ ८ मिलिमीटरने लांब होते. तिच्या खालची लोखंडी पाइप तेवढ्याच फरकाने दीड मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, ॲल्युमिनियमची पट्टी तीन मिलिमीटरच्या आत राहते. शीटला सरकायला हवे असते आणि स्क्रू तिला धरून ठेवतो. मग ती मधोमध फुगते, रात्री पुन्हा आक्रसते. दुपारी आणि पहाटे छपरातून येणारा कट–कट आवाज याच ओढाताणीचा. आतल्या पडद्यामुळे दुपारचे तापमान जितके चढते, तितकी ही ओढ वाढते. हे चक्र उन्हाळाभर रोज चालते.

स्क्रूचे भोक स्क्रूच्याच मापाचे असेल तर ताण तिथे एकवटतो आणि भोकाच्या कडेपासून बारीक चीर निघते. शीट जिथे गडद रंगाच्या तापलेल्या पाइपवर टेकलेली असते, तिथे तर तिला उन्हाखेरीज पाइपचीही उष्णता मिळते. म्हणून त्या रेषेतच ती आधी पिवळी आणि ठिसूळ होते. मऊ पीव्हीसीच्या रबरपट्ट्या आणि काही रंगांतली द्रावणे पॉलीकार्बोनेटला घातक असतात. उष्णतेत त्यातले घटक सुटतात आणि शीटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडतात. शीटच्या एका बाजूला अतिनील किरणांपासून जपणारा थर असतो, ती बाजू वर हवी. ती चुकून खाली गेली तर शीट काही उन्हाळ्यांतच धुरकट होते.

काचेचा स्वभाव वेगळा. ती फारशी वाढत नाही, पण तिला असमान तापणे सोसत नाही. काचेचा मधला भाग उन्हात तापतो आणि कडा चौकटीच्या खाचेत सावलीत थंड राहतात. साध्या काचेत हा फरक तीस–चाळीस अंशांच्या घरात गेला, की कडेपासून तडा सुटतो. कडेला खरचटलेली किंवा ओबडधोबड कापलेली काच त्याहून आधी जाते. उष्णतेचा तडा ओळखता येतो. तो बहुधा कडेपासून काटकोनात निघतो आणि मग वळत आत जातो. दगडाच्या माराची चांदणी तिथे नसते. काचेला चिकटून लावलेला ब्लाइंड, अर्धाच ओढलेला पडदा, काचेवर डकवलेली गडद फिल्म, काचेला टेकवलेली गादी किंवा खोके, आतून थेट काचेवर सोडलेला एसीचा झोत, ही सगळी तो फरक वाढवणारी कारणे. टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते, म्हणून छपराला साधी काच लावूच नये. आणि टफन्ड फुटली तर तिचा चुरा खाली कोसळतो, म्हणून डोक्यावरची काच लॅमिनेटेडही हवी. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली दुहेरी काच असेल तर उन्हात ती हवा फुगून कडेच्या सांध्यावर दाब देते. सांधा सुटला की दोन काचांमध्ये वाफ धरते आणि ती पुसायला कुठून हात घालता येत नाही.

पीव्हीसी यातले सर्वात दुबळे. ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि त्याआधीच स्वतःच्या वजनाने झोळ घेऊ लागते. तापणाऱ्या छपरालगत लावलेले पीव्हीसीचे पॅनल दोन उन्हाळ्यांत लाटांसारखे दिसू लागतात. ब्लाइंडचे कापड, त्याच्यामागचा फोमचा लेप, दोरीची प्लास्टिक चाके, सेलो टेप, डिंक हे सगळे याच धगीत सुकते, सुटते, चिकट होते.

गळती उन्हात कशी तयार होते

हे सगळे एकत्र केले की जूनमधल्या थेंबाचा मार्ग दिसतो. एप्रिल–मेमध्ये शीट रोज पुढे–मागे सरकते. स्क्रूखालचा वॉशर त्या घासण्याने आणि उष्णतेने दबून कडक होतो. सिलिकॉन एका बाजूने सुटते. ओलसर, धुळकट शीटवर घाईने मारलेले सिलिकॉन तर पहिल्याच उन्हाळ्यात साल निघावी तसे निघते. पोकळ शीटच्या टोकांची टेप उकलते, मग नळ्यांमध्ये धूळ, मुंग्या आणि नंतर हिरवे शेवाळे शिरते. दोन शीटमधली ॲल्युमिनियमची पट्टी किंचित वर उचलली जाते. एवढे होईपर्यंत घरातल्या कुणालाही काही कळलेले नसते, कारण मधे पडदा असतो. पडदा दोष झाकतो, हे त्याचे दुसरे नुकसान.

आणि मग इथला पाऊस येतो. २६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्यातल्या लोकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर–वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना सोडवावे लागले, तेही सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. अशा पावसात मिलिमीटरभर फटही पुरते. थेंब पडद्यावर पडतो, पडदा भिजतो, त्याला बुरशी धरते, आणि मग दुरुस्ती सुरू होते ती सिलिकॉनच्या नळीपासून. उन्हाने केलेल्या नुकसानीवर पावसाळ्याचा इलाज चालत नाही, म्हणून तीच दुरुस्ती दरवर्षी करावी लागते.

पॉलीहाऊसवाल्यांना ठाऊक असलेले

पारदर्शक छपराखाली रोज काम करणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. तळेगाव दाभाडेच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले आणि मावळातले गुलाब–जरबेऱ्याचे शेतकरी, नाशिक–सांगलीकडचे ढोबळी मिरचीवाले, आणि आपल्या बदलापूर–कर्जत रस्त्यालगतचे रोपवाटिकावाले. छपराच्या प्लास्टिकचे नुकसान थेट त्यांच्या खिशाला लागते, म्हणून त्यांच्या सवयी पाहाव्यात.

पॉलीहाऊसचा कागद साधारण २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांना टिकेल असा केलेला असतो. तो तीन–चार वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते, आणि तो आधी फाटतो तो बहुधा पाइपवरच, जिथे तापलेले लोखंड त्याला चिकटते. म्हणून जाणता शेतकरी पाइपचा वरचा भाग पांढरा रंगवतो किंवा त्यावर फोमची पट्टी लावतो. मार्चनंतर कागदावर बाहेरून चुना किंवा खडूचा पातळ थर फवारतो. पावसाने तो धुऊन निघतो, तोपर्यंत ऊन उतरलेले असते.

पॉलीहाऊसमध्ये आतूनही शेडनेट असते, हे खरे. मग तिथे छप्पर का भाजत नाही? कारण ते नेट गटरच्या उंचीवर, जमिनीपासून चार मीटरच्या आसपास असते आणि त्याच्या वर माथ्यापर्यंत दीड–दोन मीटरची मोकळी जागा असते. माथ्याला कायम उघडा झरोका असतो. शिवाय नेटला भोके असतात, त्यातून खालची गरम हवा वर निघून झरोक्यातून बाहेर पडते. म्हणजे तिथला पडदा हवा अडवत नाही आणि छपरालगतही नसतो. घराच्या शेडमध्ये आपण पडदा घेतो, पण झरोका आणि मोकळी जागा या दोन गोष्टी विसरतो.

रोपवाटिकावाल्याचे गणित त्याहून सोपे आहे. त्याला पावसापासून संरक्षण थोडे आणि सावली जास्त हवी असते, म्हणून तो सांगाडा उभा करतो आणि त्यावर हिरवे किंवा पांढरे नेट टाकतो. नेट ३५, ५०, ७५, ९० अशा टक्क्यांत मिळते. किती ऊन अडवायचे ते रोपावर ठरते. सावली सर्वात वर असते आणि वारा खालून वाहतो. ज्या घरमालकाला बागेसाठी झाडे घ्यायची आहेत, त्याने ती निवडताना वर मान करून पाहिले तर घराच्या शेडचे उत्तर तिथेच मिळेल.

आपली जुनी रीत

उन्हाला घराबाहेर अडवणे ही या मुलखाची रीत होती. ओटीच्या पुढे पडवी, पडवीच्या पुढे उन्हाळ्यात घातलेला मांडव. झावळ्यांचा, पेंढ्याचा किंवा डहाळ्यांचा. वाळ्याचे पडदे दाराच्या बाहेरच्या अंगाला टांगून त्यांवर पाणी मारत, म्हणजे येणारा वाराच गार होऊन येई. बांबूचे चिक पडवीच्या बाहेरच्या कडेला सोडत. ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या कारवीच्या कुडातून हवा खेळते. कौलारू छपराचेही तेच. मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागलेली कौले पुढे कोकण–ठाण्यापर्यंत पोहोचली. दोन कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा हळूहळू बाहेर निघते, त्यामुळे कौलारू घराचा माळा तापला तरी कोंडत नाही. या सगळ्या बांधणीत दोन गोष्टी समान आहेत: सावली बाहेर आणि हवेला वाट. नवे साहित्य घेताना या दोन अटी सोडून देण्याचे काहीच कारण नव्हते. पॉलीकार्बोनेट वाईट नाही, काचही वाईट नाही. या अटींशिवाय बसवलेली दोन्ही इथे वाईट ठरतात.

आता काय करता येईल

ज्यांची शेड उभी आहे त्यांनी पहिले काम करावे ते सावली बाहेर नेण्याचे. शीटच्या वर अर्धा ते एक फूट अंतर ठेवून हलका, स्वतंत्र सांगाडा घ्यावा आणि त्यावर ५० ते ७५ टक्क्यांचे शेडनेट ताणावे. अंतर महत्त्वाचे आहे, नेट शीटवर अंथरू नये. नेटची उष्णता वाऱ्याने उडून जायला हवी. पांढरे किंवा चंदेरी नेट काळ्यापेक्षा कमी तापते. वळवाच्या वाऱ्यात ते फाटू किंवा उडू नये म्हणून दोरी पक्की हवी आणि जूनच्या आरंभी ते उतरवून गुंडाळून ठेवावे. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी पुन्हा चढवता येते. जागा असेल तर सांगाड्यावर मधुमालती, कृष्णकमळ किंवा दुधी–घोसाळ्याचा वेल चढवावा. पानांची सावली कुठल्याही नेटपेक्षा थंड असते, कारण पान स्वतः पाणी सोडत असते.

दुसरे काम हवेला वाट देण्याचे. शेडच्या सर्वात उंच कडेला जाळी लावलेला झरोका आणि खालच्या बाजूला तेवढीच मोकळी जागा हवी. वरची वाट नसेल तर खालच्या दहा खिडक्याही फारशा उपयोगी पडत नाहीत.

आतला ब्लाइंड लावायचाच असेल, तर तो छपरापासून शक्य तितका दूर ठेवावा. वरच्या आणि खालच्या कडेला फट सोडावी, रुळात चारी बाजूंनी बंद करू नये. वरची बाजू पांढरी किंवा चंदेरी असावी. घरात कुणी नसताना, शनिवार–रविवारच्या बंगल्यात तर आठवडाभर, ब्लाइंड ओढून झरोके बंद करून जाऊ नये. बंद घरात छप्पर दिवसभर न सुटणाऱ्या धगीत राहते. आणि ऑर्डर देण्याआधी शीटच्या किंवा काचेच्या कंपनीची हमी वाचावी. छपरालगत पडदा किंवा फिल्म लावल्यास हमी लागू राहते का, हे लेखी विचारावे.

नवी शेड करणाऱ्यांनी कारागिराशी दराआधी पुढील गोष्टी बोलाव्यात. शीट दुधी रंगाची घ्यावी, गडद नव्हे. अतिनील थराची बाजू वर आहे ना, हे संरक्षक कागद काढण्याआधी पाहावे. भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडावे, म्हणजे शीटला सरकायला जागा राहील. स्क्रू शीट दबेल इतका आवळू नये. वॉशर आणि पट्ट्या ईपीडीएम रबराच्या घ्याव्यात. पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची टेप आणि खालच्या टोकाला हवा घेणारी टेप हवी. पाइपचा वरचा पृष्ठभाग पांढरा रंगवावा. छपराला पुरेसा उतार द्यावा. तपासायला किंवा दुरुस्तीला वर जाणाऱ्या माणसाने थेट शीटवर पाय देऊ नये. जुनी, उन्हाने ठिसूळ झालेली शीट वजनाने फुटते आणि माणूस खाली जातो. फळी टाकून, दोर बांधूनच चढावे. सिलिकॉनच्या एका नळीसाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नये.

पत्र्याखालची माणसे

हा प्रश्न बंगलेवाल्यांपुरता नाही. उल्हासनगर उभे राहिले ते कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या सगळ्या पट्ट्यात चाळींवर, छोट्या कारखान्यांवर, दुकानांच्या पोटमाळ्यांवर पत्रा आहे. उन्हातला गडद पत्रा ६०–७० अंशांपर्यंत तापतो. त्याखाली लोक कापड ताणतात, थर्माकोल लावतात, पीव्हीसीचे सीलिंग करतात. चूक तीच आहे, फक्त इथे छप्पर निकामी होण्याआधी माणूस आजारी पडतो. पत्र्याखाली शिवणयंत्रावर दुपार काढणाऱ्या बाईला एसीचा पर्याय नसतो.

तिच्यासाठीचा उपाय मात्र महाग नाही आणि तोही छपराच्या वरच आहे. पांढरा परावर्तक रंग, वरून चुन्याचे दोन हात, पत्र्याच्या वर अंतर ठेवून नेट किंवा बांबूची चटई. मे २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे त्यात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. ठाणे जिल्ह्यातल्या नगरपालिका आणि ग्रामपंचायती पावसाळ्यापूर्वी नाले साफ करतात, तसे मार्चमध्ये शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेऊ शकतात. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही, तारीख पाळावी लागते.

दिवाळीत पाऊस संपलेला असतो आणि मार्च यायला चार महिने असतात. छपरासाठी हाच योग्य काळ आहे. घरोघरी रंगरंगोटीचे हिशेब चालू असतात, फॅब्रिकेशनवाल्याकडे जूनची घाई नसते, शीट कोरडी असते. त्याला बोलवावे, पण गळती दाखवून नव्हे. आतला पडदा उतरवून शीटच्या भोकांकडे, पाइपवरच्या पिवळ्या रेषांकडे, सुटलेल्या टेपकडे त्याच्यासोबत पाहावे. आणि अंदाजपत्रकात सर्वात वरची ओळ लिहून घ्यावी ती छपराच्या वरच्या सावलीची. तिच्याखालच्या ओळींचा खर्च मग पुढे बरीच वर्षे कमी होत जाईल.